रेशीमकिड्याच्या आतड्यातून औषधाच्या गोळीपर्यंत

सोलापूर-पुणे मार्गावरील मोहोळ कृषिक्षेत्रात ओळखले जाते ते प्रामुख्याने ज्वारीमुळे. रब्बी ज्वारीच्या 'एम ३५-१' या मालदांडी वाणाची निवड येथे झाली. ज्वारी, तूर आणि हरभऱ्याच्या या टापूत गेल्या काही वर्षांत तुतीची हिरवी शेतेही दिसू लागली आहेत. सोलापूर जिल्ह्यातील अनेक शेतकरी रेशीमकोषांच्या उत्पादनाकडे वळले असून मोहोळ परिसरही त्याला अपवाद नाही. कीटकसंगोपनगृहात अळ्यांची निगा राखणाऱ्या या शेतकऱ्याला रोगकारक जीवाणूंची धास्ती सदैव असते. 'सेराशिया' हा त्यांपैकीच एक. विशेष म्हणजे याच जीवाणूपासून मिळणारे एक विकर सूज उतरवणाऱ्या गोळ्यांत घातले जाते. मोहोळसारख्या तालुक्याच्या गावातील औषध दुकानापासून ते मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांपर्यंत या गोळ्या सर्रास मिळतात. दाढ काढल्यानंतर, पाय मुरगळल्यावर किंवा शस्त्रक्रियेनंतर लिहून दिल्या जाणाऱ्या औषधांत 'सेराशिओपेप्टिडेज' हे नाव अनेकांच्या पाहण्यात आले असेल. या विकराचा जन्म कोठे झाला, ते काय करते आणि त्याच्या उपयुक्ततेचा पुरावा कितपत भक्कम आहे, हे जाणून घेणे रुग्णांच्या दृष्टीने अगत्याचे आहे.

विकर म्हणजे काय?

सजीवांच्या शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांना विकर, म्हणजेच एन्झाइम, म्हणतात. त्यांपैकी जी विकरे इतर प्रथिनांचे तुकडे करतात त्यांना प्रथिनपाचक विकरे अथवा प्रोटिएज असे नाव आहे. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक साखळी. प्रथिनपाचक विकर ही साखळी ठरावीक ठिकाणी तोडते. मटण लवकर शिजावे म्हणून त्याला कच्च्या पपईचा गर लावण्याची पद्धत घरोघरी परिचित आहे. पपईतील पपेन हे विकर मांसातील प्रथिने तोडते, म्हणून मांस मऊ होते. माणसाच्या पोटात पेप्सिन आणि स्वादुपिंडातून येणारी ट्रिप्सिन व कायमोट्रिप्सिन ही विकरे हेच काम करतात.

प्रत्येक विकराला काम करण्यासाठी विशिष्ट तापमान आणि आम्लता लागते. जठरातील तीव्र आम्लात पेप्सिन उत्तम काम करते, तर ट्रिप्सिनला सौम्य अल्कधर्मी वातावरण मानवते. अननुकूल परिस्थितीत विकराची घडी विस्कटते आणि ते निकामी होते. ही साधी बाब पुढे गोळीच्या परिणामकारकतेचा विचार करताना फार महत्त्वाची ठरते.

अळीच्या पोटातील जग

रेशीमकिड्याची अळी केवळ तुतीचा पाला खाते. अंड्यातून बाहेर आल्यापासून कोष विणेपर्यंतच्या साधारण पंचवीस ते अठ्ठावीस दिवसांत ती चार वेळा कात टाकते आणि तिच्या एकूण आहारापैकी बहुतांश पाला शेवटच्या, पाचव्या अवस्थेत फस्त करते. पानांतील प्रथिनांतूनच तिला रेशमासाठी लागणारी अमिनो आम्ले मिळतात. रेशीम हे स्वतःच एक प्रथिन आहे. त्यातील फायब्रोइनचा धागा सेरिसिन नावाच्या चिकट प्रथिनाने जोडलेला असतो.

अळीच्या आतड्याचे वैशिष्ट्य म्हणजे तेथील तीव्र अल्कधर्मी वातावरण. माणसाचे जठर आम्लधर्मी असते, तर फुलपाखरू-पतंग वर्गातील अळ्यांच्या मध्य आतड्याचा सामू नऊ ते अकराच्या दरम्यान असू शकतो. अशा वातावरणातही काही जीवाणू तग धरतात. पाल्याबरोबर ते आत जातात. काही नुसतेच वाटसरू असतात, तर काही तेथे वाढून आपली विकरे सोडतात. कीटकाच्या पचनाचे मुख्य काम त्याची स्वतःची विकरे करतात. जीवाणूंचा वाटा निरनिराळ्या किडींत निरनिराळा असतो आणि काही किडींच्या बाबतीत तो निर्णायक ठरतो.

याचे लक्षणीय उदाहरण अमेरिकेतील आहे. मक्याच्या मुळांवर जगणाऱ्या एका भुंगेऱ्याचा उपद्रव टाळण्यासाठी तेथील शेतकरी मका आणि सोयाबीन यांची फेरपालट करीत. काही भागांत मात्र हे भुंगेरे सोयाबीनच्या शेतातही तग धरू लागले. सोयाबीनची पाने आपल्या बचावासाठी किडीची प्रथिनपाचक विकरे निष्प्रभ करणारी द्रव्ये तयार करतात. इलिनॉय येथील संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिले की, या भुंगेऱ्यांना ती द्रव्ये सहन होण्यामागे त्यांच्या आतड्यातील जीवाणूंचा हात आहे. प्रतिजैविके देऊन हे जीवाणू कमी केले असता भुंगेऱ्यांची ही सहनशक्तीही घटली. फेरपालटीसारख्या जुन्या आणि भरवशाच्या उपायावर किडीने मात केली होती, ती आतड्यातील जीवाणूंच्या साहाय्याने.

महाराष्ट्रात या दिशेने झालेले काम प्रामुख्याने किडीच्या स्वतःच्या विकरांवर आहे. तूर आणि हरभऱ्याचे अतोनात नुकसान करणारी घाटेअळी हा पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांच्या दीर्घकालीन अभ्यासाचा विषय होता. या अळीच्या आतड्यात अनेक प्रकारची प्रथिनपाचक विकरे असतात आणि आहारानुसार ती त्यांचा संच बदलते. त्यामुळे तिच्या नेहमीच्या खाद्यवनस्पतींतील बचावद्रव्ये तिच्यापुढे टिकत नाहीत. ज्या वनस्पतींशी तिचा फारसा संबंध येत नाही, त्यांच्यातील विकररोधक प्रथिने मात्र तिची वाढ खुंटवू शकतात, असे १९९९ नंतर प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. भुईमूग, बटाटा आणि कारले यांतील अशा प्रथिनांचा त्यात अभ्यास झाला.

औषधाचा जन्म

सेराशिओपेप्टिडेजचा इतिहास जपानमध्ये सुरू होतो. १९६० च्या दशकात तेथे रेशीमकिड्याच्या आतड्यातून 'सेराशिया' जीवाणूचा 'ई-१५' हा वाण वेगळा करण्यात आला. तो मोठ्या प्रमाणात प्रथिनपाचक विकर बाहेर सोडतो, असे आढळले. ताकेदा या जपानी औषध कंपनीने हे विकर शुद्ध करून सूज कमी करणारे औषध म्हणून 'डेन्झेन' या नावाने बाजारात आणले. कालांतराने ते युरोप आणि आशियातील अनेक देशांत पोहोचले. अमेरिकेत मात्र त्याला औषध म्हणून मान्यता नाही. तेथे ते आहारपूरक म्हणून विकले जाते.

रासायनिकदृष्ट्या हे जस्ताच्या अणूवर अवलंबून असलेले विकर आहे. जस्त काढून घेतले तर ते काम करीत नाही. सुमारे नऊ सामू आणि चाळीस अंश सेल्सिअस तापमान यांच्या आसपास त्याची क्रिया सर्वाधिक असते, तर पंचावन्न अंशांना पंधरा मिनिटांत ते निकामी होते. त्याची मात्रा मिलिग्रॅमबरोबरच एककांतही सांगितली जाते. दहा मिलिग्रॅमच्या गोळीत साधारणपणे २० हजार एकके असतात.

कोष फोडण्याची कथा

या विकराच्या जाहिरातींत आणि माहितीपत्रकांत एक गोष्ट वारंवार सांगितली जाते. कोषातून बाहेर पडताना पतंग याच विकराने कोष विरघळवतो. तद्वत ते माणसाच्या शरीरातील 'मृत' प्रथिने विरघळवते आणि जिवंत पेशींना धक्का लावत नाही, असे त्या गोष्टीचे सार. गोष्ट आकर्षक असली तरी तिच्यात दोन भिन्न विकरांची गल्लत झाली आहे.

कोष मऊ करणारे विकर पतंग स्वतः तयार करतो. त्याला 'कोकूनेज' म्हणतात. १९६० च्या दशकात अमेरिकेत रानरेशमाच्या पतंगांवर झालेल्या अभ्यासात ते पतंगाच्या मुखावयवांतून स्रवते, हे स्पष्ट झाले. ते ट्रिप्सिनसारखे असून धाग्यांना जोडणारे सेरिसिन तोडते. सेराशिओपेप्टिडेज हे जीवाणूचे विकर आहे. त्याची रचना वेगळी, कुळ वेगळे आणि काम करण्याची पद्धतही वेगळी. पतंगाला कोषातून बाहेर पडता येते, हा या गोळीच्या गुणाचा पुरावा होऊ शकत नाही.

टाकीतील उत्पादन

हे विकर मिळवण्यासाठी रेशीमकिडे मारावे लागतात काय, असा प्रश्न शाकाहारी वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर नकारार्थी आहे. मूळ जीवाणू किड्यापासून मिळाला असला तरी उत्पादनासाठी तो मोठ्या टाक्यांत वाढवला जातो. जीवाणूने पोषकद्रवात सोडलेले विकर गाळून, शुद्ध करून, वाळवून त्याची भुकटी तयार होते. भारत हा त्याच्या प्रमुख उत्पादक देशांपैकी एक असून ठाण्यातील अ‍ॅडव्हान्स्ड एन्झाइम टेक्नॉलॉजीज ही कंपनी या विकरासाठी ओळखली जाते.

उत्पादनात काळजीचा भाग असा की, 'सेराशिया मार्सेसेन्स' हा जीवाणू निरुपद्रवी नाही. १८१९ साली इटलीतील बार्तोलोमेओ बिझिओ यांनी त्याचे प्रथम वर्णन केले, ते मक्याच्या लापशीवर पडलेल्या रक्तासारख्या लाल डागांचा शोध घेताना. त्याचे काही वाण लाल रंगद्रव्य तयार करतात. रुग्णालयांत तो अशक्त रुग्णांना मूत्रमार्गाचा, फुफ्फुसाचा व रक्ताचा संसर्ग करू शकतो. रेशीमकिड्याच्या जखमेतून तो शरीरात शिरला, तर अळी मरते आणि मेलेल्या अळीचा रंग कधी कधी लालसर दिसतो. म्हणूनच संगोपनगृहाचे निर्जंतुकीकरण, अळ्यांची हलक्या हाताने हाताळणी, मेलेल्या अळ्या तत्काळ वेचून नष्ट करणे आणि बेडवर चुन्याचा वापर यांवर रेशीमशेतीत भर दिला जातो. औषधनिर्मितीत जीवाणूचा अंशही शिल्लक राहू नये, याची दक्षता घ्यावी लागते. 'ई. कोलाय' या प्रयोगशाळेतील सरावाच्या जीवाणूत या विकराचे जनुक घालून ते अधिक सुरक्षितपणे तयार करण्याचे प्रयत्नही झाले आहेत.

गोळी पोटात गेल्यावर

सूज म्हणजे इजा झालेल्या जागी रक्तवाहिन्यांतून पाझरलेले द्रव, पेशी आणि फायब्रिनसारखी प्रथिने यांचा साठा. सेराशिओपेप्टिडेज फायब्रिन तोडते, त्यामुळे साचलेला द्रव वाहून जाण्यास मदत होते आणि वेदना निर्माण करणारे ब्रॅडिकायनिन हे द्रव्यही त्यामुळे घटते, असा त्यामागील तर्क आहे. परीक्षानळीत हे विकर फायब्रिन तोडते, याबद्दल शंका नाही.

शंका आहे ती गोळीने गिळलेले विकर सुजेच्या जागी पुरेशा प्रमाणात पोहोचते की नाही, याबद्दल. त्याच्या मार्गात तीन अडथळे आहेत. जठरातील आम्लात ते नष्ट होते. म्हणून गोळीवर आम्लात न विरघळणारे आवरण चढवावे लागते. अशी गोळी चावून अथवा कुटून घेतली, तर तिचा उपयोगच राहत नाही. दुसरा अडथळा आतड्याचा. आतडे प्रथिने तोडून अमिनो आम्लांच्या रूपात शोषते. अख्खे प्रथिन रक्तात उतरणे हा अपवाद होय. प्राण्यांवरील प्रयोगांत या विकराचा अल्प अंश रक्तात आढळला आहे, पण अल्पच. तिसरा अडथळा रक्ताचा. मोकाट फिरणाऱ्या प्रथिनपाचक विकरांना पकडून निष्प्रभ करणारी प्रथिने रक्तात असतात. ती नसती तर अशा विकरांनी शरीराच्याच प्रथिनांवर हल्ला चढवला असता.

पुरावा काय सांगतो?

तर्क कितीही पटणारा असला तरी औषधाची कसोटी रुग्णांवरील शास्त्रशुद्ध चाचणीतच लागते. एका गटाला औषध, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी; आणि कोणाला काय दिले हे रुग्णालाही ठाऊक नाही व डॉक्टरांनाही नाही, अशी ही पद्धत असते. मुरगळलेला पाय, काढलेली दाढ किंवा साधी जखम यांची सूज औषध न घेताही काही दिवसांत उतरते. त्यामुळे तुलनेशिवाय कोणत्याही गोळीला श्रेय देता येत नाही.

सेराशिओपेप्टिडेजवरील बऱ्याच जुन्या चाचण्या लहान आणि अल्पकालीन आहेत. त्यांतील काहींत फायदा दिसला. अक्कलदाढ काढलेल्या २४ जणांवरील एका अभ्यासात गालाची सूज आणि वेदना कमी झाल्याचे २००८ साली नोंदवण्यात आले. परंतु जबडा उघडण्यातील अडचणीत फरक पडला नाही. निरनिराळ्या आजारांसाठी झालेल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा भारतीय औषधशास्त्रज्ञांनी २०१३ साली प्रसिद्ध केला. वेदनाशामक अथवा सूजनाशक म्हणून या विकराचा वापर करण्यास उपलब्ध पुरावा अपुरा आहे आणि दीर्घकालीन सुरक्षिततेची माहितीही नाही, असा त्याचा निष्कर्ष होता.

सर्वांत बोलकी घटना मात्र खुद्द जन्मभूमीत घडली. जपानमधील औषधांच्या फेरमूल्यांकनात 'डेन्झेन'ला नव्या कसोट्यांना सामोरे जावे लागले. त्या चाचण्यांत ते औषधविरहित गोळीपेक्षा सरस असल्याचे सिद्ध होऊ शकले नाही. अखेर फेब्रुवारी २०११ मध्ये ताकेदाने ते स्वतःहून बाजारातून मागे घेतले. त्यात काही अपायकारक आढळले म्हणून नव्हे, तर उपयोग सिद्ध झाला नाही म्हणून. चार दशकांहून अधिक काळ असंख्य रुग्णांनी घेतलेल्या औषधाचा हा शेवट होता.

मिश्रणांचा गुंता

भारतात हे विकर विकले जातेच. शिवाय अनेकदा ते डायक्लोफिनॅक, असेक्लोफिनॅक, पॅरासिटामॉल यांसारख्या वेदनाशामकांसह एकाच गोळीत असते. अशी गोळी घेतल्यावर दुखणे थांबते, हे खरे. पण ते वेदनाशामकामुळे थांबले की विकरामुळे, हे रुग्णाला कळण्याचा मार्ग नसतो. विकराची भर घातल्याने गोळीची किंमत वाढते आणि फायदा वाढला की नाही हे गुलदस्त्यातच राहते. शिवाय 'विकराची गोळी' सौम्य समजून ती जास्त दिवस घेतली गेली, तर तिच्यातील वेदनाशामकाचा त्रास जठराला व मूत्रपिंडाला होण्याचा धोका असतो.

निश्चित मात्रेच्या अशा मिश्र औषधांचा प्रश्न देशात बराच गाजला. मार्च २०१६ मध्ये केंद्र सरकारने ३४४ मिश्रणांवर बंदी घातली. दिल्ली उच्च न्यायालयाने ती डिसेंबर २०१६ मध्ये रद्द ठरवली. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ अखेरीस फेरतपासणीचा आदेश दिला आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर पुन्हा बंदी आली. ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी १५६ मिश्रणे त्या यादीत गेली. ही कारवाई एकट्या सेराशिओपेप्टिडेजविषयी नव्हती. तथापि तिच्यामागील तत्त्व येथे नेमके लागू पडते : मिश्रणातील प्रत्येक घटकाने आपली उपयुक्तता सिद्ध केली पाहिजे.

दुष्परिणाम आणि खबरदारी

बहुतेक रुग्णांना या विकराचा मोठा त्रास होत नाही. पोटात बिघाड, मळमळ किंवा अंगावर पुरळ येऊ शकते. त्वचेवरील गंभीर प्रतिक्रिया आणि फुफ्फुसाचा एक विशिष्ट दाह यांच्या तुरळक नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. ते फायब्रिन तोडणारे असल्याने रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी, रक्तस्रावाचा विकार असणाऱ्यांनी आणि शस्त्रक्रिया ठरलेल्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये. हृदयाच्या धमन्यांतील अडथळे ही गोळी विरघळवते, असा दावा अधूनमधून केला जातो. त्याला विश्वासार्ह पुरावा नाही आणि त्यावर विसंबून हृदयरोगाचे नियमित उपचार थांबवणे जिवावर बेतू शकते.

डॉक्टरांनी हे औषध लिहून दिले असेल तर रुग्णाने तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. या गोळीत विकराबरोबर कोणते वेदनाशामक आहे? ती किती दिवस घ्यायची? आणि केवळ साधे वेदनाशामक पुरेसे होणार नाही काय? जुन्या चिठ्ठीवर ती परस्पर पुन्हा विकत घेऊ नये. मुरगळीवर पहिल्या दोन दिवसांत बर्फाचा शेक, विश्रांती आणि पाय उंचावर ठेवणे हे उपाय स्वस्त व सुरक्षित आहेत. सूज वाढत गेली, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळताना त्रास होऊ लागला, तर तो संसर्ग असू शकतो. तेथे सुजेच्या गोळीची वाट न पाहता डॉक्टरांकडे जाणेच इष्ट.

कीटकांच्या आतड्यातील जीवाणूंचे संशोधन यामुळे निरुपयोगी ठरत नाही. अल्कधर्मी वातावरणात टिकणारी प्रथिनपाचक विकरे कपडे धुण्याच्या पावडरीत आणि कातडी कमावण्याच्या उद्योगात वापरली जातात आणि अशा नव्या विकरांचा शोध कीटकांच्या पोटातही घेतला जात आहे. कपड्यावरील डाग गेला की नाही, हे डोळ्यांना दिसते. औषधाच्या बाबतीत मात्र ती खात्री केवळ चाचणीतून मिळते. मोठ्या आणि काटेकोर चाचण्यांतून सेराशिओपेप्टिडेजचा उपयोग ठरावीक रुग्णांपुरता जरी सिद्ध झाला, तरी त्याचे स्थान पक्के होईल. तोपर्यंत या गोळीकडे अपुऱ्या पुराव्याचे औषध म्हणूनच पाहावे लागेल.